डॉ. सलीम अली : आधी नोंद, मग निदान

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसणारा डॉक्टर दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारत असेल? काय होतंय, हा नव्हे. जुना केसपेपर आणलाय का, हा. जिंतूर, पालम, सोनपेठहून पहाटेची एसटी धरून आलेले आजोबा पिशवी चाचपतात आणि ओशाळून सांगतात, घरीच राहिला. मग मागच्या खेपेला रक्तदाब किती होता, साखर किती होती, वजन किती होते, सगळाच अंधार. आजचा एकटा आकडा फार काही बोलत नाही. कालच्या आकड्याशेजारी ठेवला, की तो बोलू लागतो.

निसर्गाच्या प्रकृतीचेही तसेच आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांची झुंबड उडायची, हे आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेकांना आठवते. पण किती गिधाडे होती, ती कोणत्या वर्षापासून दिसेनाशी झाली, हे कुणाला विचारले तर उत्तर मिळत नाही. कुणी लिहूनच ठेवले नाही. ज्या माणसाने या देशातल्या पक्ष्यांचा केसपेपर आयुष्यभर लिहिला, ते डॉ. सलीम अली. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. आरोग्याच्या या सदरात पक्षितज्ज्ञाचे काय काम, असे वाटत असेल तर शेवटपर्यंत वाचा. त्यांच्या कामाचा आपल्या आरोग्याशी फार जवळचा संबंध आहे.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याला त्यांनी छर्ऱ्याची छोटी बंदूक आणून दिली आणि त्या बंदुकीने सलीमने एक दिवस एक चिमणी पाडली. हातात घेतल्यावर दिसले, की ही नेहमीची घरचिमणी नाही. हिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे. मामालाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि मग कपाटांचे खण उघडून पेंढा भरून जपलेले शेकडो पक्षी या मुलाला दाखवले. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसाने दिलेला तो वेळ या देशाला किती मोलाचा ठरला, हे पुढे कळले.

शाळेत मात्र सलीमचे काही खरे नव्हते. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला सतत डोकेदुखी जडली. वरचेवर शाळा बुडू लागली. कोरड्या हवेत बरे वाटेल म्हणून त्याला सिंधमध्ये एका काकांकडे पाठवले. आजही ओपीडीत असा एखादा मुलगा येतोच. तपासण्या नॉर्मल, डोळ्यांचा नंबर नाही, पण डोके दुखते आणि पुस्तक नको वाटते. आईवडील हवालदिल होतात, आता याचे पुढे काय होणार! सलीम १९१३ मध्ये कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्याच वर्षी अडखळला आणि कॉलेज सोडून ब्रह्मदेशात तवॉयला गेला. तिथे घरच्यांचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात त्याचे मन रमले नाही. भोवतालच्या जंगलात मात्र रमले.

१९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर सलीम अलींनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला सुरुवात केली. सेंट झेवियर्समधले फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी हिशेबाचे वर्ग आणि त्यानंतर प्राणिशास्त्राचे, असा दुहेरी अभ्यास त्यांनी पुरा केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण रीतसर विद्यापीठाची पदवी हाती नव्हती, म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. त्यांच्या नावामागचे डॉक्टर हे बिरुद पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिले.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते अभ्यासरजा घेऊन बर्लिनला गेले. तिथे प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांना नव्या पद्धतीचे पक्षिशास्त्र शिकायला मिळाले. मेलेला पक्षी मोजून कपाटात ठेवणे ही फक्त सुरुवात आहे, जिवंत पक्षी कसा जगतो हे पाहणे हा खरा अभ्यास, ही दृष्टी तिथे पक्की झाली. त्याच काळात ते उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड या जर्मन बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचे काम शिकले.

या बेटाची गोष्ट थोडी सांगायला हवी. समुद्र ओलांडताना दमलेले पक्षी बेटावर उतरतात आणि तिथेच ते माणसाच्या हाती सापडतात. हेलिगोलँडचे लोकही पूर्वी असे पक्षी पकडून खात. पुढे पकडण्याची तीच युक्ती सुधारून शास्त्रज्ञांनी सापळे केले. पक्षी पकडायचा, पायात क्रमांकाची कडी घालायची आणि सोडून द्यायचा. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस आणि माल्टा या बेटांवर हा झगडा अजून संपलेला नाही. सायप्रसमध्ये चिकट काड्या आणि जाळी लावून बोटभर लांबीचे गाणारे पक्षी चोरून पकडले जातात आणि हॉटेलात चवीने खाल्ले जातात. कायदा आहे, कारवाई होते, तरी हे चालते. पक्षी मात्र त्या बेटाचा नसतो. तो युरोपात घरटे करतो, आफ्रिकेत हिवाळा काढतो आणि बेटावर दोन घटका विसावतो. त्याला वाचवायचे तर तो कुठून कुठे जातो हे आधी माहीत हवे. पायातली कडी ते सांगते.

१९३० मध्ये सलीम अली परत आले, तेव्हा पैशाअभावी म्युझियममधली जागाच बंद झाली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, संसार मांडलेला आणि नोकरी नाही. तेहमिना आणि ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बहिणाबाईंच्या कवितेमुळे हा पक्षी मराठी माणसाच्या घरातलाच झाला आहे. सलीम अली तासन् तास बसून घरटी पाहत आणि प्रत्येक हालचालीची वेळ टिपत राहिले. त्यातून जे निघाले ते तोवर कुणी नीट मांडले नव्हते. घरटे नर विणतो. अर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडले की ती त्यात राहते आणि नर उरलेले काम पुरे करतो. तिने अंडी घातली की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतात. नोकरी गेलेल्या माणसाने साध्या निरीक्षणातून काढलेला हा निष्कर्ष जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केला.

मग आले आपल्याकडचे काम. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. या संस्थानातल्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी कुणी केलेली नव्हती. पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा मिळावा, एवढ्या अटीवर सलीम अलींनी हे काम अंगावर घेतले. १९३१-३२ मध्ये त्यांनी बैलगाड्या, तंबू आणि नोंदवह्या घेऊन संस्थान पालथे घातले. तेहमिना त्यांच्यासोबत असत. त्या नोंदी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आल्या. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थाने त्यांनी याच रीतीने पाहिली.

या कामात नमुने तपासून देणारे इंग्रज पक्षितज्ज्ञ ह्यू व्हिस्लर यांच्याशी त्यांची ओळख भांडणातून झाली होती. व्हिस्लर यांच्या लिखाणातली एक चूक सलीम अलींनी दाखवून दिली. कोण हा अनोळखी हिंदी माणूस, म्हणून व्हिस्लर चिडले. पण त्यांनी आपले नमुने पुन्हा काढून तपासले, चूक मान्य केली आणि दोघे मित्र झाले. आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपले निदान चुकले आहे, असे ज्युनिअरने दाखवले तर आधी रिपोर्ट पुन्हा पाहावा आणि मग रागवावे की नाही ते ठरवावे.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. पेनिसिलिन तेव्हा दवाखान्यात आले नव्हते आणि लहानशा ऑपरेशनलाही माणूस दगावण्याची भीती असे. सलीम अली पूर्ण कोलमडले. त्यांच्या बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांना वांद्र्याच्या आपल्या घरी नेले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तिथेच काढले आणि स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली पडली. अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो पुरा झाला तेव्हा सलीम अली ७७ वर्षांचे होते.

आता त्या प्रकरणाकडे वळू, ज्यात पक्षिशास्त्र आणि वैद्यकशास्त्र एका टेबलाशी बसले. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप, अंगदुखी, रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू शोधून काढला. तो गोचिडांतून पसरत होता. आपण ज्याला माकडताप म्हणतो तो हाच. अडचण अशी, की हा विषाणू रशियात आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूसारखा दिसत होता. मग तो इतक्या दूर आला कसा? संशय गेला सायबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो आला असेल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्षी स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. हजारो पक्षी जाळ्यात धरले, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचल्या, पायात कडी घालून त्यांना सोडले. यातल्या काही कड्या सोव्हिएत संघातून परत कळवल्या गेल्या. पुढे अमेरिकी लष्कराशी संबंधित निधीवरून जंतुयुद्धाचे आरोपही झाले आणि बराच गदारोळ माजला. काम मात्र चालू राहिले. पक्ष्यांनी हा विषाणू सायबेरियातून आणल्याचा पुरावा मिळाला नाही. तो इथल्याच जंगलात होता; जंगल तोडून, गुरे चारत माणूस त्याच्या घरात शिरला, असे आज मानले जाते. पक्ष्यांवरचा आळ पुढे टिकला नाही आणि देशाला स्थलांतराचा पहिला मोठा नकाशा मिळाला. याच माकडतापाने २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही डोके वर काढले, म्हणून ही गोष्ट जुनी झालेली नाही.

सलीम अलींनी वाचवलेल्या जागांत राजस्थानातले भरतपूर सर्वांत प्रसिद्ध. महाराजांचे ते शिकारीचे तळे. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका दिवसाच्या शिकारीत तिथे चार हजारांवर बदके मारली गेली होती. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करण्याची मागणी आली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. पण इथेच त्यांच्या बाजूची एक चूकही झाली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. म्हशींच्या चराईने पाणथळ जागा बिघडते, असे त्यांच्यासह अनेक तज्ज्ञांचे मत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानात चराई बंद केली गेली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे सोसायटीच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासात उलटे निघाले. म्हशी खात होत्या ते गवत आता बेसुमार वाढले, पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांनाच जागा उरली नाही. निदान होण्याआधी औषध दिले की असे होते. मोठेपणा हा, की ज्या संस्थेने मत दिले तिनेच ते चुकल्याचे नोंदवून ठेवले.

आपल्या महाराष्ट्रातही माळढोकाच्या बाबतीत जवळपास तसेच घडले. मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत वजनाचा, मादी वर्षाला साधारण एकच अंडे घालणारी. हा पक्षी झुडपी जंगलात राहत नाही. त्याला उघडे गवताळ माळ लागतात. आणि माळ म्हणजे पडीक, असे आपण सरकारी दप्तरातही लिहून टाकले आहे. सलीम अलींनी माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून आग्रह धरला होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे पुढे आले आणि १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारात अडचणी आल्या आणि ज्या पक्ष्याला शेतकऱ्याने राखायचे, त्याच्यावरच शेतकऱ्याचा राग बसला. नंतर क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले, पण तोवर पक्षीच हातातून निसटत गेला होता. १९६९ च्या सुमारास देशात माळढोक अंदाजे १,२६० होते. आज दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. विजेच्या तारांना धडकून ते मरतात आणि माळ संपत चालले आहेत. राजस्थानात आता त्यांची अंडी उबवून पिले वाढवण्याचे केंद्र चालवले जाते. आपल्या माळांवर मात्र माळढोक दिसणे ही बातमी झाली आहे.

सलीम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा ५० हजार डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला आणि ती रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्ग संरक्षण निधीला दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी दीर्घकाळ झुंजून २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचे निधन झाले. नव्वद वर्षांचा तो पेशंट काही वर्षे आधीपर्यंत दुर्बीण गळ्यात घालून डोंगर चढत होता, हे मी माझ्या पन्नाशीतल्या मधुमेही मित्रांना वारंवार सांगतो.

त्यांच्या जाण्यानंतर त्यांच्या नोंदवहीची किंमत कळली. भरतपूरला १९८० च्या दशकात सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. नव्वदीच्या दशकात पुन्हा मोजली तर निम्मीही नव्हती. २००३ पर्यंत एकही उरले नाही. जुना आकडा होता, म्हणून रोग ध्यानात आला. २००४ मध्ये कारण सापडले: डायक्लोफेनॅक. होय, आम्ही रोज लिहून देतो ती वेदनाशामक गोळी. गुरांना तिचे इंजेक्शन दिले आणि जनावर मेले, की ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. भारतातली तीन जातींची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक संपली. मेलेली जनावरे मोकाट कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्रे चावलेल्यांची रांग आमच्या इंजेक्शनच्या खोलीसमोर रोज असते. तिचा आणि गिधाडांचा संबंध नाही, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद झाले आणि २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटलीही बंद झाली, कारण ती गुरांसाठी वापरली जात होती. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. तेव्हा वाचकांना तीन विनंत्या. घरातल्या माणसाच्या दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन बैलाला, म्हशीला देऊ नका. जनावरांच्या डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅम मागा. औषध लावलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नका. ते टिपून मोर, तितर मरतात आणि तीच पिशवी चुकून हाताळलेले लेकरू आमच्याकडे येते.

तिसरी विनंती सर्वांत सोपी. एक दोनशे पानी वही घ्या. येलदरीच्या पाण्यावर, गोदावरीच्या काठी, नाहीतर शेताच्या बांधावर महिन्यातून एकदा एकाच जागी अर्धा तास उभे राहा. दिसलेले पक्षी, त्यांची संख्या, तारीख आणि वेळ लिहा. नाव येत नसेल तर रंग आणि आकार लिहा. मिलार्डसाहेबांकडे गेलेल्या त्या मुलालाही चिमणीचे नाव येत नव्हते. वीस वर्षांनी या जिल्ह्याची प्रकृती तपासायला कुणी बसेल, तेव्हा जुना केसपेपर आणलाय का, असे तो विचारील. त्या वेळी तो घरी राहिला, असे सांगायची पाळी आपल्यावर येऊ नये.